नवरीच्या बाजूचा कॅमेरा

भाऊंनी आयुष्यात कुणाकडे दुसरा टेक मागितला नव्हता, आणि वहिनींना त्याचा एवढा अभिमान होता की घरी नुसता चहाला आलेला माणूसही ते ऐकल्याशिवाय सुटायचा नाही. “आमचे हे एकदाच घेतात,” वहिनी सांगायच्या. “माणूस खरं एकदाच बोलतो. दुसऱ्या वेळेला तो स्वतःचीच नक्कल करतो, असं यांचं म्हणणं आहे.” पाहुणा मान डोलवायचा. सिनेमातलं त्याला ओ की ठो कळत नसलं तरी या घरात मान डोलवलेली बरी, एवढं कळायचं.

खरं सांगायचं तर हे तत्त्व वगैरे सगळं नंतरचं. आधी होती ती लग्नं.

भाऊ या देशात उतरले तेव्हा त्यांच्या बॅगेत दोन पटकथा होत्या, आणि त्या इथल्या एकाही माणसाला वाचता येत नव्हत्या. मग मिळालं ते काम धरलं, एका लाँड्रीत इस्त्रीचं. सिनेमावाल्यांची वस्ती जवळ होती म्हणून यांनी मुद्दाम तीच लाँड्री निवडली, असं वहिनी सांगतात. दुसरीकडे कुणी घेतलंच नाही, असं भाऊ सांगतात. ते काही असो, पहिली कित्येक वर्षं सिनेमातली माणसं त्यांना भेटली ती हँगरवर. कुणाची कॉलर कशी मळते यावरून भाऊ त्याचा स्वभाव सांगायचे, आणि नवल म्हणजे तो बरोबर निघायचा. वहिनी मागाहून आल्या आणि त्याच दुकानात काउंटरवर उभ्या राहिल्या.

आपल्या लोकांतल्या एका लग्नात व्हिडिओवाला ऐन वेळी उगवलाच नाही, आणि “तुम्ही सिनेमाचं काहीतरी करता ना?” म्हणून कॅमेरा भाऊंच्या हातात आला. तिथून सुट्टीचा प्रत्येक दिवस लग्नांत जाऊ लागला. आता लग्नात “परत एकदा” म्हणायची सोय नसते. “ताई, जरा पुन्हा रडा” म्हणणाऱ्या व्हिडिओवाल्याला पुढच्या लग्नाला कुणी बोलावत नाही. त्यामुळे माणसाचं मन कधी आणि कुठे हलणार हे आधीच ओळखायची सवय भाऊंना लागली. त्यात एक खोड अशी, की सगळा हॉल नवरीकडे बघत असला की हे भलतीकडेच. नवरी गाडीत बसते आहे, आयाबाया डोळे पुसताहेत, आणि भाऊ हॉलच्या कोपऱ्यात नवरीच्या बापावर कॅमेरा धरून उभे. तो बाप, कुणी सांगितलेलं नसताना, खुर्च्या एकावर एक रचत सुटलेला.

आणि नवरी? नवरीवर वहिनी. दुसरा कॅमेरा घेऊन त्या तिच्यासमोर उभ्या असत. हे कधी ठरलं नव्हतं, भाऊंनी सांगितलंही नव्हतं. लोक व्हिडिओ लावतात ते नवरी बघायला, हे दोघांतल्या एकाने तरी लक्षात ठेवायला हवं होतं, आणि ते कुणी ठेवायचं हे संसार केलेल्या बाईला सांगावं लागत नाही. मग घरी जुळवाजुळव करायलाही वहिनीच. आपल्या नवरीच्या शॉटमध्ये त्या भाऊंनी टिपलेला बाप अलगद बसवून द्यायच्या. लोक बघून ढसाढसा रडायचे आणि म्हणायचे, “भाऊंची नजरच वेगळी.” सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने म्हणायच्या त्या वहिनी.

लिखाण चालूच होतं. जेवणाच्या सुट्टीत, कपड्यांच्या घड्या घालायच्या टेबलावर, शर्टात घालायच्या पुठ्ठ्यांवर. एका पुठ्ठ्यावर एक प्रसंग. इथली भाषा अंगवळणी पडायला वेळ लागला, पण पडली, आणि पुठ्ठ्यांची चळत वाढत गेली. एकदा गडबडीत वहिनींनी त्यातलाच एक पुठ्ठा एका गिऱ्हाइकाच्या शर्टात घालून दिला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक हजर. आता हा भांडणार म्हणून वहिनींनी कंबर कसली, तर तो विचारतो, “याच्या पुढे काय होतं?” टीव्हीसाठी छोट्या फिल्मा करून घेणारा माणूस होता तो. भाऊंची पहिली फिल्म अशी शर्टात बसून गेली. पाठोपाठ दुसरी. दोन्ही त्यांनी लग्नासारख्याच काढल्या, एक कॅमेरा भाऊंचा, एक वहिनींचा, आणि दुसरा टेक नाही. जाणकारांनी नावाजलं. लाँड्रीच्या मालकाने दुकानाच्या काचेवर भाऊंचा फोटो लावला, आणि खाली “हे आमच्याकडे इस्त्री करतात” असं लिहिलं. भाऊंना त्या फोटोचा सगळ्या कौतुकांपेक्षा जास्त आनंद झाला.

आणि मग मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं.

पटकथा भाऊंचीच होती. तीस वर्षं लाँड्री चालवणारी एक बाई, आणि तिचा मोठा झालेला मुलगा. त्या बाईच्या भूमिकेसाठी जिला घेतलं होतं तिला सगळा देश ओळखत होता. कंपनीत तिला नुसतं ‘मोठ्या बाई’ म्हणायचे, आणि तेही जरा सरळ उभं राहून. मोठं काम म्हणजे मोठे नियम. कॅमेरा कंपनीचा कॅमेरामनच चालवणार. वहिनींना एडिटिंगला घेतलं, पण त्यांची खोली सेटपासून दोन गल्ल्या पलीकडे. आणि करारात एक कलम, की कंपनीचं समाधान झालं नाही तर उरलेला सिनेमा दुसरा दिग्दर्शक पुरा करील. हा दुसरा कुठे शोधायलाही नको होता. निर्मात्याचा जावई दिग्दर्शनाचं शिकून तयार होता, आणि रोज सेटवर येऊन फार प्रेमाने सगळ्यांची विचारपूस करायचा.

“आपण परके,” भाऊ सही करताना म्हणाले होते. “हा एक नीट झाला तर पुढचा मागायला तोंड राहील. नाही झाला, तर ‘बघितलं यांना देऊन’ म्हणायला सगळे मोकळे. आपल्यालाच नाही, आपल्यामागून येईल त्यालाही.” त्यामुळे वहिनी रोज देवासारखं त्या कलमाचं स्मरण करून कामाला बसायच्या.

शुक्रवारी मोठ्या बाईंचा सगळ्यात मोठा प्रसंग झाला. आई मुलाला सांगते की दुकान विकलं, पण मी तुझ्या घरी राहायला येणार नाही. मुलगा एक शब्द बोलत नाही, शर्टाला इस्त्री करत राहतो. मोठ्या बाईंचा तो कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी वहिनींच्या खोलीत तो प्रसंग आला आणि त्यांनी तो लावला.

पडद्यावर मुलगा. बाईंचा आवाज बाहेरून येतो आहे आणि पोरगा कॉलरवरून इस्त्री फिरवतो आहे. परत तीच कॉलर. परत तीच. बघता बघता वहिनींच्या डोळ्यांना पाणी आलं. काय नजर आहे या माणसाची, त्यांनी मनाशी म्हटलं, आणि अंगावर मूठभर मांस चढलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि बाईंचा शॉट शोधायला लागल्या.

तो नव्हता. त्यांनी पुढचं बघितलं, मागचं बघितलं, दुसऱ्या दिवसांच्या चित्रणात चुकून गेलाय का तेही बघितलं. पोरगा होता, इस्त्री होती, शर्टसुद्धा जवळून होता. ज्यांच्यासाठी लोक तिकीट काढणार त्या बाईंचं नखसुद्धा नव्हतं. तेवढ्यात निर्मात्याचा फोन.

“वहिनी, बाई फार नाराज आहेत,” तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता, आवाज चढवायचा नाही, आणि म्हणूनच भीती वाटायची. “त्यांच्यावर कॅमेरा फिरलाच नाही म्हणतात. मी सोमवारी बघायला येतो. या प्रसंगात बाई दिसल्या तर ठीक. नाहीतर मंगळवारपासून जावई पुढचं बघेल. भाऊंना तुम्हीच सांगा.”

भाऊ आले ते खुशीत. “पाहिलंस? पोराने कॉलर कशी धरून ठेवली?”

“पाहिली. बाई कुठायत?”

“कोण बाई?”

“बोलताहेत त्या.”

“त्या तुझ्याकडे असतील ना,” भाऊ सहज म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

वहिनींनी पडद्यावर पोराला थांबवलं. भाऊंनी त्यांच्याकडे बघितलं. मग वहिनींच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. मग त्या बिनखिडकीच्या खोलीकडे, टेबलाकडे, पडद्यावर थांबलेल्या पोराकडे. आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

“कॅमेरामनने विचारलं होतं,” ते म्हणाले. “बाईंच्या बाजूने कधी घ्यायचं म्हणून. मी म्हटलं, ते होतंय, तुम्ही इकडे बघा.”

हसावं की रडावं ते वहिनींना कळेना. इतक्या वर्षांच्या सवयीने हा माणूस भर सेटवर, शंभर माणसांत, आपल्यामागे बायको दुसरा कॅमेरा घेऊन उभी आहे असं धरून चालला होता. एकदा मागे वळून बघितलं असतं तरी कळलं असतं. पण मागे वळून बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

भाऊ मात्र माणूस हट्टी. चूक कळली की आणखी ताठ व्हायचं, ही त्यांची जुनी रीत. “मग असंच ठेवू,” ते म्हणाले. “आवाज आहे बाईंचा. चेहरा कशाला हवा? खरं जे आहे ते पोराच्या हातात आहे. मी दुसरा टेक मागणार नाही. घेऊ दे जावयाला सिनेमा.”

आणि इथे वहिनींचा तोल गेला. त्या सहसा चिडत नाहीत, त्यामुळे चिडल्या की त्यांना सराव नसतो आणि सगळं एकदम बाहेर येतं.

“घेऊ दे म्हणे! पुठ्ठ्यांवर लिहून लिहून इथवर आणलात तो जावयाच्या घशात घालायला? तो खुर्च्या रचणारा बाप आठवतो? लोक त्याला बघून का रडले माहितीय? त्याच्या आधी माझी नवरी होती म्हणून. ती गाडीत बसून काचेतून कुणालातरी शोधत होती. कुणाला शोधत होती ते तुमच्या बापामुळे कळलं, आणि बाप का असा करतोय ते माझ्या नवरीमुळे कळलं. नुसता तुमचा बाप लावला असता ना, तर लोक म्हणाले असते, हॉलवाल्याने खुर्च्या उचलायला माणूस ठेवलाय.”

भाऊ म्हणाले, “इतकी वर्षं बोलली नाहीस.”

“तुम्ही बघितलं नाहीत. तुम्ही बापाकडे बघत होता.”

बोलून गेल्यावर वहिनींना स्वतःचंच आश्चर्य वाटलं. भाऊंचं कौतुक करून करून त्यांची जीभ कधी थकली नव्हती, पण आपण टिपलेल्या त्या सगळ्या नवरीमुलींबद्दल, त्यांच्या काचेमागच्या चेहऱ्यांबद्दल, त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या. आणि त्या नवऱ्या चांगल्या होत्या. फार चांगल्या होत्या. हे त्यांना इतकं लख्ख माहीत होतं, हेच त्यांना माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी दोघं मोठ्या बाईंच्या दारात. वरातीमागून घोडं न्यायचं तर निदान लवकर न्यावं, असं वहिनींनी ठरवलं होतं. खोलीत उघड्या सुटकेसेस होत्या. सोमवारी बाई दुसऱ्या सिनेमाला निघणार होत्या. त्यांनी बसा म्हटलं नाही.

“या,” त्या म्हणाल्या. “तुम्ही दुसरा टेक मागत नाही असं ऐकून आहे.”

“मागत नाही,” भाऊ म्हणाले.

वहिनींनी डोळे मिटून घेतले. झालं, त्यांना वाटलं, आता इथेही ताठा दाखवणार.

“आणि आताही मागत नाही,” भाऊ पुढे म्हणाले. “तुमचा पहिलाच मागायला आलोय. शुक्रवारी तुम्ही काम केलंत आणि मी ते घेतलंच नाही. माझी बायको तुमच्याकडे बघते आहे असं मी धरून चाललो होतो, आणि ती तिथे नव्हती. चूक माझी. माफ करा.”

मोठ्या बाईंनी एक शाल सुटकेसमध्ये ठेवली, परत काढली. मग त्यांनी भाऊंना सोडून वहिनींकडे बघितलं. “आणि ही तिथे असती तर?”

“तर मी तुमच्या समोरून हलले नसते,” वहिनी म्हणाल्या.

“उद्या येते,” बाई म्हणाल्या. “एकदाच करीन. आणि समोर ही हवी.”

रविवारी सेटवर मोजकी माणसं होती. एक नवीनच अडचण निघाली, मुलाचं काम करणारा नट गावाला गेला होता. बाईंनी बोलायचं कुणाशी? जावयाने फार प्रेमाने सुचवलं की काम पुढे ढकलू. भाऊंनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि इस्त्रीच्या टेबलामागे जाऊन उभे राहिले. कॅमेरामनने आधी तोंड वाकडं केलं, कुणाला आवडतं आपलं काम दुसऱ्याच्या हातात द्यायला? पण वहिनींनी कॅमेरा कुठे ठेवायचा ते सांगितलं तेव्हा त्याने एकदा तिथून डोळा लावून बघितलं, आणि बाजूला झाला. “घ्या वहिनी,” तो म्हणाला. “फोकसचं मी बघतो.”

बाई बोलायला लागल्या. समोर भाऊ इस्त्री करत होते. नाटकातली नव्हे, खरी, आयुष्यभर केलेली. आधी कॉलर, मग खांदा, मग बाही. बाईंनी शुक्रवारी हा प्रसंग एका नटासमोर केला होता. आज समोर ज्या माणसाने ती बाई लिहिली तोच उभा होता, आणि मान वर करत नव्हता. वहिनींना ते कॅमेऱ्यातून दिसलं, बाईंच्या डोळ्यांत. त्या बोलता बोलता सावकाश होत गेल्या, जणू समोरचा खरंच आपला मुलगा आहे आणि त्याला दुखू नये.

संवाद संपला. “कट” म्हणायचं काम भाऊंचं, आणि भाऊंच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ते आपली इस्त्री करतच होते. सगळे वहिनींकडे बघायला लागले. वहिनी हलल्या नाहीत. लग्नात त्या शिकल्या होत्या, की नवरी गाडीत बसली म्हणजे निघाली असं नसतं.

मग मोठ्या बाई पुढे झाल्या. पटकथेत नसलेला हात त्यांनी लांब केला, भाऊंच्या हातातली इस्त्री काढून घेतली, बाजूला उभी ठेवली आणि बटण बंद केलं. शर्टाकडे बघितलं. आणि मुलाला लहानपणी शाळेत पाठवताना बघावं तसं एकदा, नीट, त्याच्याकडे बघितलं.

तेव्हा वहिनींनी कॅमेरा थांबवला. मोठ्या बाई आपल्या खोलीत गेल्या, आणि जाताना त्यांनी वहिनींचा हात दाबला.

सोमवारी निर्माता आला, जावई आला. वहिनींनी दिवे घालवले. त्यांनी जोडताना पोराला कुठेही कमी केलं नव्हतं. बहुतेक प्रसंग त्याच्या त्या कॉलरवरच चालला होता, आणि त्याच्या अधेमधे बाई होत्या, आणि शेवटी बाईंचा तो हात. दिवे लागले तेव्हा निर्माता खिशात रुमाल शोधत होता. जावई प्रामाणिक निघाला, तो म्हणाला, “मला हे जमलं नसतं.”

“आता कळलं,” निर्माता म्हणाला, “भाऊंना का घेतलं ते. तो शेवटचा बाईंचा शॉट! असा शॉट घेणारा दिग्दर्शक या शहरात दुसरा नाही. पुढचाही सिनेमा तुम्हीच करा. कागद आजच करू.”

वहिनींचं ऊर भरून आलं. इतक्या वर्षांच्या इस्त्रीचं, पुठ्ठ्यांचं, लग्नांचं चीज झालं होतं. आता भाऊंनी नुसतं “आभारी आहे” म्हणायचं होतं.

“तो शॉट माझा नाही,” भाऊ म्हणाले.

निर्माता हसला. “म्हणजे?”

“हिचा आहे. कॅमेरा कुठे ठेवायचा ते हिने ठरवलं. कधी थांबायचं तेही हिनेच. माझ्यावर असतं तर मी आधीच कट म्हणालो असतो आणि तो हात आलाच नसता. आणि हा एकच नाही. तुम्ही ज्या दोन फिल्मा बघून मला बोलावलंत, त्यांत माणसं जिथे समोरून दिसतात तिथे ती हिची आहेत. मी कधी बघितलं नाही. या शुक्रवारी बघितलं.”

निर्मात्याने रुमाल घडी घालून खिशात ठेवला. “भाऊ,” तो जपून म्हणाला, “करार एका दिग्दर्शकाशी आहे. पडद्यावरच्या पाटीवर दिग्दर्शकाचं एकच नाव जातं. तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना?”

“कळतंय,” भाऊ म्हणाले. “एकच बसत असेल तर हिचं घाला.”

ज्या नावासाठी भाऊंनी देश सोडला होता ते नाव ते असं, चहाचा कप पुढे करावा तसं, पुढे करून मोकळे झाले होते. वहिनींना त्यांचा याआधी अभिमान वाटला होता तो सगळा एकत्र केला तरी या क्षणाच्या तोडीचा नव्हता. आणि नवल म्हणजे, त्या अभिमानात या वेळी त्या स्वतःही होत्या. अंग चोरून बसायची त्यांना इच्छाच होईना. निर्माता त्यांच्याकडे वळला. आता या काहीतरी नम्रपणाचं बोलतील आणि प्रश्न मिटेल, अशी त्याची अपेक्षा असावी.

“दोन नावं बसतात,” वहिनी म्हणाल्या. “पाटी मीच जोडणार आहे. बसवते मी.”